कांचेवर उमटलेली प्रार्थना

सव्वादोन वर्षांचें एक मूल गाढ झोंपीं गेलेलें आहे. डोक्यावरून वस्त्र घेतलेली एक तरुण स्त्री त्याच्यावर ओणवली आहे. तिची दृष्टि मुलावर खिळलेली आहे. एवढेंच काय तें त्या चित्रांत दिसतें. मस्तकामागें प्रभामंडळ नाहीं, आकाशांत देवदूत नाहींत. १८६५ सालीं इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर घेतलेल्या ह्या छायाचित्राला तें घेणाऱ्या बाईंनीं ‘भक्ति’ असें नांव दिलें; आणि त्याच चित्राखालीं स्वतःच्या हातानें असेंहि लिहून ठेविलें कीं, हें प्रत्यक्षावरून घेतलेलें असून मूल आपला नातू आहे व त्याचें वय दोन वर्षें तीन महिने आहे. म्हणजे नांव वाचावें तर ती मरियम आणि तो बाल येशू. खालची ओळ वाचावी तर तो घरचा नातू, आणि ती ओणवलेली स्त्री त्याच घरांतील मोलकरीण. बाईंना ह्या दोन गोष्टींत कांहींच विसंगति वाटली नाहीं. त्यांना ती कां वाटली नाहीं, ह्याचा विचार करूं लागलें म्हणजे छायाचित्रणाच्या इतिहासांतील एक फार मोठा प्रश्न समोर उभा राहतो.

छायाचित्राचा शोध १८३९ सालीं जगजाहीर झाला, आणि लौकरच त्याच्याविषयीं सुशिक्षित समाजांत एक मत रूढ झालें. तें असें कीं, ह्या यंत्राला डोळा आहे, पण अंतःकरण नाहीं. समोर जें उभें असेल तेंच तें टिपणार. चित्रकार मनांतील देवदूत कागदावर उतरवूं शकतो. यंत्रापुढें देवदूत आणून कोण उभा करणार? उलटपक्षीं श्रद्धा ही तर न दिसणाऱ्या वस्तूंविषयींच असते. तेव्हां इमारती, बाजार, राजेरजवाडे आणि रणभूमि हा छायाचित्रणाचा प्रांत, आणि धर्म हा चित्रकलेचा, अशी वांटणी सरळच दिसत होती. ही वांटणी मोडण्याचा ज्यांनीं मनापासून प्रयत्न केला, त्यांत ज्यूलिया मार्गारेट कॅमेरन ह्यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें.

ह्या बाईंचा जन्म हिंदुस्थानांतला. ११ जून १८१५ रोजीं कलकत्त्यास त्या जन्मल्या. वडील जेम्स पॅटल हे कंपनी सरकारच्या बंगालमधील मुलकी नोकरींत होते. आईचें माहेर फ्रेंच होतें, व बाईंचें शिक्षणहि पुष्कळसें फ्रान्समध्येंच झालें. १८३६ सालीं हवापालटासाठीं त्या आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास, केप ऑफ गुड होप येथें, जाऊन राहिल्या असतां त्यांच्या आयुष्याला वळण देणाऱ्या दोन ओळखी त्यांना झाल्या. पहिली ओळख थोर ज्योतिषी सर जॉन हर्शेल ह्यांची. छायाचित्र कायम करण्यासाठीं आजवर वापरण्यांत आलेला ‘हायपो’ नांवाचा क्षार ह्या कामीं उपयोगी आहे हें दाखविणारे हेच. पुढें कलकत्त्यास परतलेल्या ह्या मैत्रिणीला त्यांनीं नव्या कलेचे आरंभींचे नमुने मुद्दाम पाठविले. दुसरी ओळख चार्ल्स हे कॅमेरन ह्यांची. हे कायदेपंडित वयानें वीस वर्षांनीं वडील होते. १८३८ सालीं कलकत्त्यास दोघांचा विवाह झाला.

कॅमेरन ह्यांचें नांव महाराष्ट्रांत फारसें कोणी घेत नाहीं. परंतु त्यांच्या कामाशीं येथील माणसांचा संबंध दीर्घकाळ आला. मेकॉलेच्या नेतृत्वाखालीं नेमलेल्या विधि-आयोगाचे ते सभासद होते, आणि त्या आयोगानें १८३७ सालीं जो मसुदा पुरा केला, त्यांतूनच पुढें भारतीय दंडसंहिता निघाली. १८६२ सालीं अंमलांत आलेल्या त्या कायद्यावर मुंबई-पुण्याच्या न्यायालयांतून दीडशें वर्षांहून अधिक काळ खटले चालले. २०२४ सालीं भारतीय न्याय संहितेनें त्याची जागा घेतली. अशा ह्या विद्वान् पण अबोल गृहस्थाची पत्नी मात्र स्वभावानें धबधब्यासारखी होती. १८४८ सालीं हें कुटुंब इंग्लंडास गेलें, आणि १८६० सालीं वाइट बेटावरील फ्रेशवॉटर ह्या गांवीं, कवि टेनिसन ह्यांच्या शेजारीं, येऊन राहिलें. सिलोनांतील आपल्या मळ्याची आठवण म्हणून त्यांनीं घराचें नांव ‘डिंबोला’ असें ठेविलें.

१८६३ च्या अखेरीस पति सिलोनांतील कॉफीचे मळे पाहण्यास गेले होते आणि लेकीचें लग्न होऊन गेलें होतें. आईला एकटेपण जाणवूं नये म्हणून लेक व जांवई ह्यांनीं तिला एक मोठा लांकडी कॅमेरा भेट दिला. बाईंचें वय त्या वेळीं अठ्ठेचाळीस होतें. ज्या वयांत घरची कर्ती स्त्री कारभाराच्या किल्ल्या सुनेच्या हातीं देण्याच्या विचारांत असते, त्या वयांत ह्या बाईंनीं एक संपूर्ण नवी विद्या शिकण्यास आरंभ केला. कोंबड्यांचें कांचेचें खुराडें रिकामें करून त्याची चित्रशाळा झाली. कोळशाच्या कोठीची अंधारखोली झाली. पहिले कांहीं दिवस पदरीं केवळ अपयश आलें. अखेर २९ जानेवारी १८६४ रोजीं शेजारच्या एका लहान मुलीचें चित्र मनासारखें उतरलें, आणि बाईंना इतका हर्ष झाला कीं, त्या मुलीला काय बक्षीस देऊं आणि काय नको, असें त्यांना होऊन गेलें.

हें काम किती कष्टाचें होतें ह्याची आज कल्पना येणें कठीण आहे. त्या काळची रीत ओल्या कोलोडियनची. कांचेची मोठी तबकडी निर्मळ पुसून घ्यावयाची. तिच्यावर कोलोडियनचा चिकट द्रव एकसारखा पसरावयाचा. मग अंधारांत ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवून, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची, आणि वाळण्यापूर्वींच तिच्यावरील चित्र रसायनांनीं उमटवून, कायम करून, भरपूर पाण्यानें धुवावयाची. ह्या घाईंत धुळीचा एक कण किंवा बोटाचा एक ठसा पडला तरी तो चित्रांत कायमचा राहावयाचा. चांदीच्या पाण्यानें हात काळे पडत, आणि घरांतील चादरी व टेबलावरील वस्त्रें ह्यांची तर दुर्दशाच होई. ज्याचें चित्र घ्यावयाचें त्यानें कांहीं मिनिटें जराहि न हालतां बसावें लागे. झोंपलेलें मूल बाईंच्या चित्रांत वारंवार कां दिसतें, ह्याचें एक व्यावहारिक कारण येथेंच सांपडतें. जागें मूल एवढा वेळ स्थिर कसें राहणार? परंतु खरी गंमत पुढेंच आहे. ख्रिस्ती चित्रपरंपरेंत झोंपलेला बाल येशू हा त्याच्या पुढील मृत्यूची सूचना मानला जातो; पाळण्याशेजारीं बसलेली माता आणि क्रूसावरून उतरविलेल्या पुत्राजवळ बसलेली माता ही एकच आहे, हा त्यांतील भाव. म्हणजे यंत्राची जी अडचण, तीच बाईंच्या हातीं अर्थाला उपकारक झाली.

पहिल्याच वर्षीं बाईंनीं एक मोठें काम हातीं घेतलें. प्रेषित पौलानें गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत पवित्र आत्म्यापासून मनुष्याच्या ठायीं उपजणाऱ्या नऊ गुणांची गणना केली आहे. प्रेम, आनंद, शांति, धीर, ममता, सौजन्य, श्रद्धा, नम्रता आणि संयम हे ते नऊ गुण. ह्यांतील एकेका गुणाचें एकेक छायाचित्र घ्यावयाचें, असा संकल्प त्यांनीं सोडला. आतां नम्रतेला रूप कोणतें आणि संयमाला आकार कोणता? बाईंनीं नऊहि गुण माता आणि बालकें ह्यांच्या रूपानेंच दाखविले. मुलाला पोटाशीं धरण्याची रीत, मान किंचित् लवविण्याची तऱ्हा, दृष्टीचा रोख एवढ्याच सामग्रीवर एका चित्राचें दुसऱ्यापासून निराळेपण उभें आहे. ही नऊ चित्रांची मालिका जानेवारी १८६५ मध्यें त्यांनीं ब्रिटिश म्यूझियमला अर्पण केली. त्याच वर्षीं साऊथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयानें, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियमनें, त्यांचीं पुष्कळ चित्रें विकत घेतलीं.

बाई प्रॉटेस्टंट, इंग्लंडच्या धर्मपीठाच्या अनुयायी होत्या, हें येथें लक्षांत ठेवावयास हवें. मरियमेच्या प्रतिमेकडे त्या देशांत पुष्कळ दिवस संशयानें पाहिलें जाई. तें रोमन पंथाचें लक्षण समजलें जाई. परंतु १८३३ पासून ऑक्सफर्डच्या कांहीं धर्मोपदेशकांनीं जुन्या उपासनापद्धतींचा आदर पुन्हा वाढविला होता. शिवाय अॅना जेमसन ह्या विदुषीनें १८५२ सालीं मरियमेच्या चित्रांवर एक ग्रंथ लिहून, ह्या प्रतिमांकडे कला आणि भाव ह्या दृष्टींनीं पाहण्यास मध्यमवर्गीय वाचकांस शिकविलें होतें. घरांतील आई ही ज्या समाजांत पूज्य मानली जात होती, त्या समाजाला मरियमेचें मातृरूप परकें वाटण्याचें कारण नव्हतें. बाईंचीं चित्रें ह्या बदललेल्या हवेंतच जन्मास आलीं.

ह्या चित्रांतील मरियम म्हणजे बहुतेक वेळां मेरी हिलियर. ही फ्रेशवॉटरच्याच परिसरांतील गरीब घरची मुलगी. किशोरवयांतच ती कॅमेरन ह्यांच्याकडे नोकरीस लागली. भोजनगृहांतील कामें, दारावर आलेल्या पाहुण्यांचें स्वागत आणि मालकिणीच्या रसायनांची उस्तवार करतां करतां, हांक आली कीं हातांतील काम टाकून तिनें चित्रशाळेंत जावें, केस मोकळे सोडावे, अंगावर वस्त्र लपेटून घ्यावें आणि देवमाता व्हावें, असा तिचा दिनक्रम झाला. गांवांतील लोक तिला ‘मॅडोना’ ह्याच नांवानें ओळखूं लागले. तिचें रुंद कपाळ, जड पापण्या आणि शांत मुद्रा ह्यांत बाईंना जुन्या इटालियन चित्रकारांच्या मरियमेचा चेहरा दिसे. पेरुजिनोच्या धर्तीवर घेतलेल्या एका चित्रांत देवदूताचा संदेशहि त्यांनीं घरच्याच माणसांकडून वठवून घेतला. १८६९ मधील ‘शांतीचें चुंबन’ ह्या चित्रांत मेरीचे ओंठ एका लहान मुलीच्या कपाळाला हलकेच टेकलेले आहेत. हें आपलें सर्वांत सुंदर चित्र असें बाई मानीत.

व्यवसायी छायाचित्रकारांनीं मात्र बाईंवर कठोर टीका केली. चित्रें अस्पष्ट आहेत, कांचेवर ओरखडे व डाग आहेत, बाईंना कॅमेऱ्याचें भिंग नीट जुळवितां येत नाहीं, असे आक्षेप त्या काळच्या छायाचित्रणविषयक पत्रांतून येत. ह्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. कांहीं दोष निष्काळजीपणाचेच होते. पण अस्पष्टतेविषयीं बाईंचें उत्तर ठरलेलें असे. भिंग पुढेंमागें करतां करतां डोळ्यांस जें सुंदर दिसे, तेथें आपण थांबतों. त्याहून अधिक रेखीवपणा आणण्याची आपणांस इच्छा नाहीं, अशा आशयाचें त्यांनीं लिहून ठेविलें आहे. चेहऱ्यावरील प्रत्येक केस मोजून दाखविणें हें त्यांचें साध्यच नव्हतें. जर्मनींत मात्र त्यांचें चीज झालें : १८६६ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत त्यांना सुवर्णपदक मिळालें. स्वतःच्या कामाविषयीं १८७४ सालीं लिहिलेल्या अपुऱ्या आत्मवृत्तांत त्यांनीं एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. कार्लाइलसारखे थोर पुरुष कॅमेऱ्यापुढें बसले म्हणजे त्यांच्या बाह्यरूपाबरोबर अंतरींचें थोरपणहि टिपण्यासाठीं आपला जीव एकवटे, आणि अशा रीतीनें घेतलेलें चित्र म्हणजे जणूं एक साकार प्रार्थनाच होई, असा त्यांच्या सांगण्याचा भाव आहे. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, हें त्यांनीं मरियमेच्या चित्रांबद्दल म्हटलेलें नाहीं. समोर बसलेल्या जिवंत माणसांबद्दल म्हटलें आहे. त्यांची श्रद्धा चित्राच्या विषयांत नव्हती. माणसाकडे पाहण्याच्या रीतींत होती.

येथेंच मूळ प्रश्नाकडे वळावें लागतें. चित्रकारानें मोलकरणीला समोर बसवून मरियम रंगविली, तर रंगाचे थर चढतां चढतां मोलकरीण नाहींशी होते आणि मरियम उरते. छायाचित्रांत हें घडत नाहीं. ती अमुक घरांत काम करणारी अमुक मुलगी आहे, हें कांच लपवूं देत नाहीं. धर्मचित्र काढणाऱ्याला ही मोठीच अडचण. बाईंच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनीं अमेरिकेंत हीच अडचण फार तीव्र स्वरूपांत पुढें आली. बोस्टनजवळ नॉरवुड येथें राहणारे श्रीमंत प्रकाशक व छायाचित्रकार फ्रेड हॉलंड डे ह्यांनीं १८९८ सालीं ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाचीं छायाचित्रें घेण्याचें योजिलें, आणि ख्रिस्ताच्या जागीं ते स्वतः उभे राहिले. त्यासाठीं त्यांनीं उपास करून शरीर कृश केलें, केस व दाढी वाढविली, आणि मोकळ्या माळावर मित्रांना रोमन शिपायांचे वेष देऊन शेंकडों कांचा खर्चिल्या. क्रूसावरील शेवटच्या सात वचनांना अनुसरून त्यांनीं आपल्याच चेहऱ्याचीं सात चित्रें एका ओळींत मांडलीं. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचें कारण नाहीं. तरी पुष्कळ टीकाकारांना तें सहन झालें नाहीं. रंगविलेल्या ख्रिस्तापुढें जे लोक निःशंक गुडघे टेकीत, तेच ह्या चित्रापुढें अडखळले. कारण त्यांना तेथें ख्रिस्ताऐवजीं वेष घेतलेले डे दिसत राहिले.

मग कॅमेरनबाईंच्या चित्रांत हा विक्षेप कां होत नाहीं? उत्तर शोधावयाचें तर तें ख्रिस्ती धर्माच्या गाभ्यांतच शोधावें लागतें. परमेश्वर राजवाड्यांत न अवतरतां एका सुताराच्या घरीं, एका सामान्य स्त्रीच्या उदरीं, मनुष्यदेह धारण करून आला, असें तो धर्म सांगतो. ती स्त्रीहि तिच्या गांवची कोणी एक मुलगीच होती. शेजाऱ्यांना ती नांवानें ठाऊक होती. डे ह्यांनीं स्वतःला पुसून टाकून ख्रिस्त होऊं पाहिलें, आणि पुसलें जाणें यंत्रानें नाकारलें. बाईंनीं कोणालाच पुसलें नाहीं. नातू नातूच राहिला, मोलकरीण मोलकरीणच राहिली. आणि हें असेंच एक मूल होतें, ही अशीच एक आई होती, एवढेंच त्यांचीं चित्रें म्हणतात. ‘भक्ति’ ह्या नांवाखालीं नातवाचें वय लिहितांना त्यांना विसंगति वाटली नाहीं, ती ह्याच कारणानें. देहाशिवाय दैवी वस्तु दिसूं शकत नाहीं, हें ज्याला पटलें आहे, त्याला समोर असेल तेवढेंच टिपणारें यंत्र हें श्रद्धेचें वैरी वाटत नाहीं; तें तिचें साधन वाटतें.

ह्या गौरवाबरोबरच दुसरी बाजूहि मांडली पाहिजे. मेरी हिलियर ही पगारी नोकर होती. मालकिणीनें हांक मारल्यावर नाहीं म्हणण्याची मोकळीक तिला कितपत होती, हा प्रश्न उरतोच. चित्रशाळेंत ती स्वर्गाची राणी असे, आणि तेथून बाहेर आली कीं पुन्हा कामाला लागे. तिच्यापुढें मस्तक लवविणारे पाहुणे तिनेंच वाढलेलें अन्न जेवीत. बाईंनीं तिच्या चेहऱ्याला दिलेला मान तिच्या स्थितीला दिला नव्हता. तरीपण एक गोष्ट खरी कीं, इंग्लंडांतील असंख्य मोलकरणींपैकीं हिचें नांव आणि हिचा चेहरा जगाच्या स्मरणांत राहिला.

१८७५ सालीं कॅमेरन दांपत्य इंग्लंड सोडून सिलोनास आपल्या मळ्यांवर राहावयास गेलें. सामानाबरोबर दोघांनीं आपापल्या शवपेट्याहि नेल्या होत्या, अशी आठवण सांगितली जाते. तेथें बाईंनीं थोडींच चित्रें घेतलीं. त्यांतून मळ्यांवरील मजूर आणि गांवकरी दिसतात. १८७८ मधील एका चित्राला ‘कलुतारा येथील शेतकऱ्यांचा समूह’ असें नांव आहे. चेहरे गंभीर, सुंदर आहेत. पण त्यांतील एकालाहि मरियमेचें किंवा एखाद्या संताचें रूप दिलेलें दिसत नाहीं, आणि त्यांचीं नांवेंहि लिहिलेलीं नाहींत. जिनें स्वतःच्या घरच्या मोलकरणींत देवमाता पाहिली, तिची दृष्टि ह्या मजुरांपाशीं येऊन कां थांबली? रसायनांची टंचाई, उतारवय, परका मुलूख ह्यांपैकीं कोणतेंहि कारण असो; परंतु श्रद्धेची दृष्टि कितीहि थोर असली तरी काळाच्या आणि जातीच्या भिंती तिलाहि आडव्या येतात, एवढा बोध त्या बिननांवाच्या चेहऱ्यांवरून घेतां येतो.

२६ जानेवारी १८७९ रोजीं सिलोनांतच बाईंचा अंत झाला. पुढच्याच वर्षीं पतिहि गेले. बोगवंतलाव येथील सेंट मेरीच्या चर्चच्या आवारांत दोघांचीं थडगीं आहेत. चौदा-पंधरा वर्षांच्या काळांत घेतलेलीं त्यांचीं सुमारें १२०० चित्रें आज ज्ञात आहेत. मध्यंतरीं कांहीं दशकें लोकांना त्यांचा विसर पडला होता. १९२६ सालीं त्यांच्या बहिणीची नात व्हर्जिनिया वुल्फ आणि टीकाकार रॉजर फ्राय ह्यांनीं त्यांच्या निवडक चित्रांचें पुस्तक काढिलें, तेव्हांपासून त्यांची कीर्ति पुन्हा वाढत गेली. मेरी हिलियर मात्र आपल्या बेटावरच राहिली. तिचें एका माळ्याशीं लग्न झालें, मुलेंबाळें झालीं, आणि १९३६ सालीं ती वारली. तोंपर्यंत तिचें तरुणपणचें रूप लंडनच्या संग्रहालयांत सत्तर वर्षें सुरक्षित होतें, आणि चित्राखालीं तिच्या नांवाच्या ऐवजीं बहुधा तिनें धारण केलेल्या गुणांचीं नांवें लिहिलेलीं होतीं : श्रद्धा, शांति, नम्रता.